बिदरपर्यंत पोचलेलं शीड

बिदरपासून अरबी समुद्र जवळजवळ पाचशे किलोमीटर. तरीही महमूद गावानच्या मदरशाच्या मिनारावर उरलेल्या निळ्या फरशा पाहताना मला समुद्रच आठवतो. १४७२ साली हा मदरसा उभा करणारा वजीर मूळचा इराणातल्या गिलानचा. जहाजाने दाभोळला उतरून तो व्यापारी म्हणून बिदरला आला होता. पुढे त्याला किताबही मिळाला तो 'मलिक-उत-तुज्जार', म्हणजे व्यापाऱ्यांचा प्रमुख!

त्याच्याच काळात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन होर्मुझहून निघाला. ज्या शिडाच्या जहाजातून तो आला, त्याला तो 'तवा' म्हणतो. समुद्रावर सहा आठवडे काढून तो चौलला उतरला.

शिडाच्या प्रवासात वेळापत्रक वाऱ्याच्या हाती. नैर्ऋत्य मोसमी वारे उसळले की कोकणातली बंदरं बंद होत आणि वारा फिरेपर्यंत खलाशी, व्यापारी, यात्रेकरू महिनोन्‌महिने एकत्र अडकत. गलबतावर तर पाणी, शिधा आणि जीव सगळ्यांचा एकाच फळीवर. अशा मुक्कामांत माणसं एकमेकांची भाषा शिकत, एकमेकांना उधार देत, जामीन राहत.

चौलहून पुढे जुन्नरला तिथल्या खानाने निकितिनचा घोडा काढून घेतला. 'धर्म बदल, तरच परत मिळेल,' अशी अट, आणि मुदत चार दिवसांची. तेव्हा ख्वाजा मुहम्मद नावाचा एक खुरासानी मुसलमान खानाकडे गेला, या परक्या ख्रिस्ती माणसासाठी रदबदली केली आणि घोडा सोडवून आणला. केवढं हे मन!

तो घोडा बिदरला विकला गेला. निकितिनने इथल्या हिंदूंना आपला खरा धर्म सांगून टाकला, तेव्हा त्यांनीही आडपडदा ठेवला नाही. त्यांच्यासोबत तो श्रीशैलच्या यात्रेलाही गेला. कलबुर्गी जिल्ह्यातल्या आळंदच्या बाजाराचंही त्याने वर्णन केलं आहे. दहा दिवसांच्या त्या बाजारात वीस हजारांपर्यंत घोडे येत, असं तो लिहितो.

दाभोळहून परतताना त्याचं जहाज भरकटून आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागलं. जहाजावरच्यांनी तिथल्या लोकांना तांदूळ, मिरी, भाकरी वाटल्या आणि लूट टळली.

सागरी माणसांची ही रीत आजही टिकून आहे. गोव्यात बांधलेल्या 'थुरिया' या नावेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत उतरलेले अभिलाष टॉमी सप्टेंबर २०१८मध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात सापडले. डोलकाठी मोडली, पाठीला जबर मार बसला. त्यांच्याच शर्यतीतल्या आयर्लंडच्या ग्रेगर मॅकगकिनचीही डोलकाठी गेली होती. त्याने तात्पुरतं शीड उभारलं आणि नाव अभिलाषच्या दिशेने वळवली. अखेर एका फ्रेंच जहाजाने दोघांनाही वाचवलं.

तात्पुरतं शीड घेऊन स्पर्धकाकडे निघालेला मॅकगकिन आणि परक्याच्या घोड्यासाठी खानाच्या दारी गेलेला ख्वाजा, मला तरी एकाच गावची माणसं वाटतात.