मॉड लावले आणि गेम कोसळला : दोष शोधायचा कसा?

आजचा विषय आपल्या मालिकेत जरा वेगळा वाटेल, पण इंदूरपासून हैदराबादपर्यंत ज्या ज्या घरात कॉलेजात जाणारं पोरगं आणि एक बरा कॉम्प्युटर आहे, त्या घरात हा प्रसंग येतोच. गेमला मॉड लावले, दोन दिवस मजा आली आणि तिसऱ्या दिवशी गेम सुरू होता होता बंद. पडदा काळा, पुन्हा डेस्कटॉप. पोरगं म्हणतं ग्राफिक्स कार्ड गेलं. दुकानदार म्हणतो नवं घ्या. वडील पंचवीस-तीस हजार काढायला निघतात. मंडळी, थांबा. खिशात हात घालण्याआधी दोष शोधा. बहुतेक वेळा तो एखाद्या फाइलमध्ये असतो आणि तिथे पैसे लागत नाहीत, फक्त शिस्त लागते.

उदाहरणासाठी मी 'स्कायरिम' घेतो. मूळ गेम २०११ चा, त्याची ६४-बिट 'स्पेशल एडिशन' २०१६ ची. मी स्वतः हाच गेम खेळतो, आणि जगात सर्वांत जास्त मॉड ज्या गेमांना आहेत त्यांतला हा एक. इथली पद्धत इतर गेमांनाही लागू पडते.

मॉड म्हणजे नक्की काय?

मॉडमध्ये साधारण तीन प्रकारचा माल असतो. पहिला, चित्रं आणि आकार, म्हणजे टेक्श्चर आणि मेश. दुसरा, प्लगइन : ईएसपी, ईएसएम, ईएसएल अशा शेपटांच्या फाइली. यात 'अमुक माणूस अमुक गावात राहतो, त्याच्याकडे अमुक तलवार आहे' अशा नोंदी असतात. तिसरा, गेमच्या यंत्रणेलाच जोडला जाणारा डीएलएल. तो चालण्यासाठी 'एसकेएसई' नावाचा विस्तार लागतो.

तीन प्रकारचा माल, म्हणून दोषही तीन प्रकारचे. टेक्श्चर सापडलं नाही तर वस्तू जांभळी दिसते. मेश सापडला नाही तर त्या जागी लाल उद्गारचिन्ह दिसतं. या दोन्हींत गेम सहसा चालू राहतो. फाइल हरवलेली असेल तर गेम तक्रार करतो. फाइल जागेवर आहे पण आतून बिघडलेली आहे, तेव्हा तो कोसळतो. हा फरक नीट लक्षात ठेवा.

पहिला प्रश्न : केव्हा बंद पडतो?

डॉक्टर आधी 'कधीपासून दुखतंय' विचारतो, तसं आपण 'कोणत्या क्षणी' विचारायचं.

मुख्य मेनू येण्याआधीच बंद पडत असेल, तर बहुधा एखाद्या प्लगइनचा आधार, म्हणजे 'मास्टर', जागेवर नाही. ब नावाचा मॉड अ वर उभा आहे आणि तुम्ही अ काढून टाकलात, तर ब ला उभं राहायला जमीनच नाही. मॉड ऑर्गनायझर किंवा व्होर्टेक्स असे प्लगइन खूण करून दाखवतात. ती खूण दुर्लक्षित करू नका. जुन्या ३२-बिट आवृत्तीची बीएसए फाइल नव्या आवृत्तीत टाकली तरी असंच होऊ शकतं, कारण दोन्हींची बांधणी वेगळी आहे.

मेनू येतो, पण जुना सेव्ह उघडताना बंद पडतो? मग आधी नवा खेळ सुरू करून पाहा. नवा चालत असेल तर दोष सेव्हमध्ये किंवा सेव्ह आणि मॉड यांच्या नात्यात आहे.

एकाच ठिकाणी, त्याच पुलावर किंवा त्याच घरात शिरताना बंद पडतो? मग त्या जागेतला एखादा मेश किंवा नोंद बिघडलेली आहे. हा दोष त्यातल्या त्यात सोपा, कारण त्याचा पत्ता ठरलेला आहे.

कुठेही, कधीही, काही मेळ नसताना बंद पडतो? तर मॉडच्या पलीकडे पाहावं लागेल. त्याकडे शेवटी येतो.

फाइल बिघडली हे ओळखायचं कसं?

फाइल बिघडते याची कारणं साधी असतात. डाउनलोड अर्धवट राहिलं, डिस्क भरली, किंवा फाइली उलगडताना वीज गेली. वीज गेल्यावर विंडोज फाइलींची यादी बऱ्यापैकी सांभाळतं, पण फाइलीच्या पोटातल्या मजकुराची हमी देत नाही. त्यामुळे नाव बरोबर, आकार बरोबर आणि आत नुसती शून्यं, असाही प्रकार होतो. डोळ्यांना तो दिसत नाही.

उपाय हातातच आहे. झिप, सेव्हन-झेड आणि रार या गठ्ठ्यांत प्रत्येक फाइलीबरोबर 'सीआरसी' नावाचा एक आकडा साठवलेला असतो. फाइलीतल्या मजकुराचा हिशेब करून तो काढतात. मजकूर बदलला की हिशेब जुळत नाही. सेव्हन-झिप या मोफत प्रोग्रॅममध्ये गठ्ठ्यावर उजवी क्लिक करून 'टेस्ट आर्काइव्ह' निवडा. चूक दाखवली तर गठ्ठा फेकून द्या, पुन्हा उतरवा. म्हणूनच माझा आग्रह असतो की मूळ गठ्ठे पुसू नका, एका फोल्डरमध्ये जपून ठेवा. संशय आला की मॉड काढायचा आणि तपासलेल्या गठ्ठ्यातून परत बसवायचा.

मूळ गेमच्या फाइलींसाठी स्टीममध्ये 'व्हेरिफाय इंटिग्रिटी' ही सोय आहे. ती बिघडलेल्या मूळ फाइली परत आणते. पण तुम्ही वरून टाकलेल्या जास्तीच्या फाइली ती काढत नाही. 'व्हेरिफाय केलं तरी गेम पडतोच' या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं. मॉड ऑर्गनायझर मॉड मूळ फोल्डरमध्ये टाकतच नाही, वेगळे ठेवून गेमला फक्त भासवतो. मूळ घर स्वच्छ राहतं, म्हणून मी तोच वापरतो.

आवृत्तीचा घोळ

काही वेळा एकही फाइल बिघडलेली नसते आणि तरी गेम पडतो. ११ नोव्हेंबर २०२१ ला स्कायरिमला मोठं अपडेट आलं आणि असंख्य लोकांचे चालते मॉड एका रात्रीत बंद पडले. कारण समजून घ्या. डीएलएल मॉड गेमच्या आत ठरावीक जागी जाऊन काम करतात. अपडेटमुळे त्या जागा सरकल्या. पत्ता जुना, घर नवं. 'अ‍ॅड्रेस लायब्ररी' हा मॉड म्हणजे याच पत्त्यांची वही. तीसुद्धा आपल्या आवृत्तीची लागते. गेमची आवृत्ती, एसकेएसई, पत्त्यांची वही आणि डीएलएल, ही चारही एकमेकांशी जुळली पाहिजेत. स्टीममध्ये 'गेम सुरू करतानाच अपडेट करा' हा पर्याय निवडून ठेवा, आणि गेम नेहमी एसकेएसईच्या मार्गाने सुरू करा.

दुसरी मर्यादा संख्येची. स्पेशल एडिशनमध्ये पूर्ण वजनाचे प्लगइन २५४ पर्यंतच बसतात, गेमचे स्वतःचे धरून. 'लाइट' प्रकारचे वेगळे, ते ४०९६ पर्यंत. मर्यादा ओलांडली की एकेक फाइल निर्दोष असूनही गेम बिघडतो.

अर्ध्यावर तोडा

आता समजा २४० मॉड आहेत आणि संशय कोणावरच नाही. एकेक काढून पाहिलात तर आठवडा जाईल. फौजेत टेलिफोनची लांब तार मुकी झाली की लाइनमन टोकापासून वीतवीत तपासत बसत नाही. तो मध्यावर जातो, तिथून दोन्हीकडे बोलून पाहतो. ज्या बाजूने उत्तर येत नाही ती बाजू धरतो आणि तिचा पुन्हा मध्य काढतो. तेच इथे करा. २४० चे १२०, मग ६०, ३०, १५, ८, ४, २, १. आठ चाचण्यांत गुन्हेगार हाती येतो.

यात चार पथ्यं पाळा. मॉड ऑर्गनायझरमध्ये प्रोफाइलची प्रत काढून प्रतीवरच प्रयोग करा. एसकेएसईसारखे पायाचे मॉड कायम चालू ठेवा, आणि मास्टर व त्यावर उभा मॉड एकाच गटात ठेवा. चाचणी जुन्या सेव्हवर करू नका. मुख्य मेनूत कन्सोल उघडून 'सीओसी' या आज्ञेपुढे रिव्हरवुड हे गावाचं नाव दिलं की थेट तिथे पोचता येतं. आणि एका वेळी एकच बदल करा, तो वहीत लिहा.

दोन्ही अर्धे वेगवेगळे नीट चालले तर? मग दोष एका मॉडचा नाही, दोघांच्या भांडणाचा आहे. एक अर्धा चालू ठेवून त्यात दुसऱ्यातले थोडे थोडे मिसळत जा. क्रम लावायला 'लूट' आणि कोणाची नोंद कोण झाकतं हे पाहायला 'एक्सएडिट' ही दोन साधनं उपयोगी पडतात. दोन मॉडनी एकाच नोंदीत बदल केला तर शेवटी लोड होणाऱ्याचं चालतं, एवढा नियम लक्षात ठेवा.

'क्रॅश लॉगर' बसवला तर प्रत्येक पडझडीचा अहवाल मिळतो. त्यातलं पहिलं नाव दिसलं की त्याला फासावर चढवू नका. तीन अहवाल घ्या आणि तिन्हींत येणारं नाव शोधा.

सेव्ह जपा

मॉड परत मिळतो, कॉम्प्युटर परत मिळतो. तीनशे तासांचा खेळ परत मिळत नाही. स्क्रिप्ट असलेला मॉड खेळाच्या मध्येच काढला की त्याच्या अर्धवट आज्ञा सेव्हमध्ये उरतात. दोष आज दिसत नाही, वीस तासांनी दिसतो. म्हणून मॉड काढायचाच असेल, तर तो लावण्याआधीच्या सेव्हवर परत जा. प्रती काढताना ईएसएस फाइलीबरोबर त्याच नावाची एसकेएसई फाइलही घ्या. ती जोडी आहे.

आणि मग यंत्राकडे

तोच गठ्ठा सेव्हन-झिपमध्ये सलग पाच वेळा तपासा. कधी बरोबर, कधी चूक असं आलं तर गठ्ठ्याचा दोष नाही; मजकूर तोच असताना उत्तर बदलतंय, म्हणजे हिशेब करणारा चुकतोय. रॅम 'मेमटेस्ट८६' ने रात्रभर तपासा, ओव्हरक्लॉकिंग काढा. २०२४ मध्ये इंटेलनेही आपल्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरमधली अस्थिरता मान्य करून मदरबोर्डसाठी सुधारणा दिली. तुमचा त्यांतला असेल तर बायोस अद्ययावत करा. मॉड पूर्ण काढलेला गेमही पडतो, दुसरे गेमही पडतात, तेव्हाच कार्डावर आणि पॉवर सप्लायवर संशय घ्या.

तर क्रम असा : क्षण ओळखा, गठ्ठा तपासा, आवृत्त्या जुळवा, अर्ध्यावर तोडा, सेव्ह जपा, यंत्र शेवटी. घरातला मुलगा हे करत बसला असेल तर त्याला 'काय खेळ लावलाय' म्हणून उठवू नका. अंदाजाने भाग न बदलता पुराव्याने दोष शोधणं तो शिकतोय, आणि हे पुढे त्याला कुठेही उपयोगी पडेल. पुढच्या भागात लोड ऑर्डर सविस्तर पाहू. तोवर गठ्ठे जपा, प्रती काढा. नमस्कार.