उसाचा कार्बन सावित्रीकाठी

महाड-पोलादपूरच्या शेतात भात, नाचणी, वरी. ऊस घाटापलीकडचा. तरीही उसाच्या जोरावर चालू शकणारं रसायनशास्त्र बिरवाडीजवळच्या महाड एमआयडीसीत रुजलं आहे. १९८९ साली स्थापन झालेली लक्ष्मी ऑरगॅनिक इंडस्ट्रीज इथे इथाइल अ‍ॅसिटेट बनवते. नेलपॉलिशच्या बाटलीतून येणारा गोडसर, फळासारखा वास बहुधा याच द्रवाचा. वेष्टनांच्या छपाईची शाई, चिकटद्रव्यं, औषधनिर्मिती, सगळीकडे तो लागतो.

त्याची जन्मकथा मळीपासून सुरू होते. साखर काढून उरलेली ही काळी, चिकट मळी यीस्टने आंबवली की ग्लुकोजच्या एका रेणूतून अल्कोहोलचे दोन रेणू मिळतात. अल्कोहोलचं ऑक्सिडीकरण केलं की आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड आणि मग अ‍ॅसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगारातलं आम्ल, तयार होतं. त्याची पुन्हा अल्कोहोलशी अभिक्रिया घडवली की इथाइल अ‍ॅसिटेट आणि पाणी. कागदावरच्या हिशेबाने ९२ किलो अल्कोहोलातून ८८ किलो! आणि रेणूतले चारही कार्बन अणू उसाने हवेतून घेतलेले. आम्ल मात्र बाहेरून आणलं, तर ते बहुधा नैसर्गिक वायू किंवा कोळशापासून झालेलं असतं. मग निम्मा कार्बन जमिनीखालचा ठरतो. भारत हे आम्ल मोठ्या प्रमाणावर आयात करतो, म्हणून हा फरक परकीय चलनाचाही आहे.

केंद्राच्या अहवालानुसार २०२४ मध्ये देशाची जैवअर्थव्यवस्था १६५.७ अब्ज डॉलरची, जीडीपीच्या सव्वाचार टक्के होती. त्यात इथेनॉलची, म्हणजे याच अल्कोहोलची, चर्चा होते ती पेट्रोलमधल्या २० टक्क्यांपुरती. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने निर्बंध आणले, तेव्हा कच्चा माल किती ताणलेला आहे ते दिसलं. इंजिनात इथेनॉल जळून जातं. कारखान्यात त्याच्यापासून पुढच्या उद्योगांचा माल बनतो. माझ्या मते इथेनॉलच्या वाटपात रसायन उद्योगाला इंधनाइतकंच मानाचं स्थान हवं.

पण मूळ उसाचं असलं म्हणून सांडपाणी स्वच्छ होत नाही. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना ८ ते १५ लिटर दूषित पाणी निघतं, आणि पुढच्या रासायनिक टप्प्यांचा भार वेगळाच. महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री पोलादपूरहून महाडला येते आणि पुढे बाणकोटच्या खाडीवाटे समुद्राला मिळते. खाडीकाठची मासेमारी तिच्यावर जगते. जैव-उद्योगांना सवलती देताना सरकारने या नदीच्या पाण्याचे तपासणी-अहवाल दर महिन्याला ग्रामपंचायतींत मराठीतून लावावेत.