यंत्राने समपातळी चर खोदताना

डोंगरउतारावर समपातळी चर खोदण्यासाठी पूर्वी माणसे कुदळ-फावडे घेऊन महिनोन्‌महिने राबत. आज गावोगाव जेसीबी या नावाने ओळखले जाणारे यंत्र तेच काम काही दिवसांत उरकते. मात्र हाताने खोदलेला चर चुकला तर ते लवकर ध्यानात येई. यंत्राची चूक कळेपर्यंत निम्मा उतार उकरून झालेला असतो.

म्हणून यंत्र येण्यापूर्वी आखणी पुरी असावी. हायड्रोमार्करने अथवा ओळंबा लावलेल्या तिकाटीच्या चौकटीने समपातळीचे बिंदू काढावेत, खुंट्या ठोकाव्यात व फक्कीची ठळक रेघ मारावी. यंत्राचे भाडे तासावर असते. आखणी राहिली की ‘नजरेनेच धरा’ असे कोणीतरी म्हणतोच. उतारावर नजरेचा भरवसा धरू नये. 100 मीटर लांबीच्या चराचे एक टोक 30 सेंटिमीटर खाली गेले, तर सारे पाणी तिकडे धावते, भराव फुटतो व खाली घळ पडते. 1 मीटर रुंद व तितक्याच खोल चराच्या दर मीटर लांबीत 1,000 लिटर पाणी मावते. हा लोंढा खालच्या शेतकऱ्याच्या पिकावर जातो.

चालकाने यंत्र रेघेवर घेऊन मागे सरकत खोदावे. समपातळी रेघेवर यंत्र उताराला आडवे उभे राहते. तेव्हा दोन्ही आधारपाय घट्ट टेकवून, खालच्या अंगाचा पाय अधिक सोडून, ते सपाटीत आणावे. पुढचे खोरेही जमिनीला टेकवावे. माती खालच्या अंगालाच टाकावयाची असते, आणि खरा धोका तेथेच आहे. भरलेले खोरे उंच व लांब धरून उताराकडे फिरविल्यास यंत्र कलंडते. खोरे थोडे कमी भरावे, जवळ व खाली ठेवून सावकाश फिरवावे. आधारपाय सोडूनही यंत्र सपाटीत येत नसेल, तर तेथे ते नेऊच नये. अशा जागी कुदळ-फावडेच बरे.

चर व भराव यांमध्ये निदान 30 सेंटिमीटर पट्टी मोकळी ठेवावी. नाहीतर पहिल्या पावसातच माती परत चरात येते. काही अंतराने आडवी भिंत न खोदता राखावी, म्हणजे एके ठिकाणी फुटले तरी सारा चर रिता होत नाही.

मोजमापासाठी चरात उतरावयाचे ते खोरे जमिनीवर टेकवून यंत्र बंद केल्यावरच. यंत्र पाहावयास मुले जमतात. त्यांना खोऱ्याच्या पल्ल्याबाहेर थांबविणे हे काम गावच्या कार्यकर्त्याने स्वतःकडे घ्यावे. चालकाची नजर खोऱ्यावर असते.