प्रशिक्षण पूर्ण, पद मात्र नाही

किहीम : पीएचडीनंतर मिळणारी ‘संशोधन सहयोगी’ ही जागा कायम नोकरी नव्हे. केंद्राच्या २०२३ मधील सुधारणेनुसार पहिल्या श्रेणीला दरमहा ५८ हजार रुपये व घरभाडे भत्ता ठरला. पण प्रकल्प संपला की मानधनही थांबते.

हे दुखणे जुनेच. बर्लिनमध्ये पक्षिशास्त्राचे प्रशिक्षण घेऊन सलीम अली १९३० मध्ये परतले, तेव्हा मुंबईच्या संग्रहालयातील त्यांचे पद निधीअभावी रद्द झाले होते. मग किहीमच्या घरी राहून त्यांनी सुगरण पक्ष्याच्या विणीचा अभ्यास केला. तो १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला.

रसायनशास्त्राच्या संशोधकाला ही वाट नाही. वही-दुर्बीण घेऊन झाडाखाली बसता येते. प्रयोगशाळेतील उपकरणे घरी आणता येत नाहीत. त्यामुळे हाती घेतलेला प्रयोग अर्धा असतानाच त्याला पुढच्या जागेसाठी अर्ज करावे लागतात.