ख्रिस्ती बांधव देशासाठी प्रार्थना करतात, म्हणजे नेमके काय करतात?

मे 2018 मध्ये दिल्लीचे आर्चबिशप अनिल कुटो यांच्या एका पत्रावरून टीव्हीवर चांगलाच गदारोळ झाला होता. आपल्यापैकी अनेकांना तो आठवत असेल. पत्र 8 मेचे होते. ते सरकारला लिहिलेले नव्हते की वर्तमानपत्रांनाही नव्हते. दिल्ली धर्मप्रांतातल्या चर्चच्या फादर लोकांना आणि धार्मिक संस्थांना ते पाठवले होते. देशातले राजकीय वातावरण अस्वस्थ आहे, त्यामुळे संविधानातली लोकशाही तत्त्वे आणि धर्मनिरपेक्षता धोक्यात आहे, असे त्यात म्हटले होते. म्हणून 13 मेपासून देशासाठी प्रार्थना मोहीम सुरू करावी, दर शुक्रवारी निदान एका वेळचे जेवण सोडून उपवास करावा आणि चर्चमध्ये तासभर विशेष उपासना ठेवावी, असे आवाहन होते. पुढच्या वर्षी 2019 मध्ये नवे सरकार येईल, असाही उल्लेख होता. वादाची ठिणगी पडली ती तिथेच.

पत्र बाहेर फुटले आणि दोन आठवड्यांनी चॅनलवाल्यांना विषय मिळाला. हे राजकारण आहे, असे कुणी म्हणाले. तर कुणी थेट निष्ठेवरच बोट ठेवले. मंत्र्यांची विधाने आली. आपण पक्षीय राजकारणाबद्दल लिहिलेले नाही, निवडणुकीच्या आधी अशा प्रार्थना नेहमीच होतात, असा खुलासा आर्चबिशपांना करावा लागला. त्याच वर्षी जूनमध्ये गोव्याचे आर्चबिशप फिलिप नेरी फेर्राव यांनीही आपल्या पत्रात संविधान धोक्यात असल्याचे लिहिले आणि पुन्हा तेच झाले.

त्या वेळी आम्हाला एक गोष्ट खटकली. पत्रात राजकारण आहे का, यावर सगळे बोलत होते. पण ख्रिस्ती धर्मात देशासाठी प्रार्थना करण्याची पद्धत काय आहे, ती कुठून आली, हे कुणी सांगितलेच नाही. आपल्या घरांतही याची फारशी माहिती नसते. आपण वसई-मुंबईला त्यांच्या शेजारी राहतो, त्यांच्या शाळांत आपली मुले शिकतात, तरीही. म्हणून हा लेख.

आधी त्यांच्या ग्रंथातले बघू. बायबलच्या जुन्या करारात यिर्मया नबींचे एक पत्र आहे. नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेमचे लोक पकडून बाबेलला नेले होते. आपले घरदार, इबादतगाह सगळे मागे पडलेले. त्या लोकांना हे पत्र सांगते की, ज्या शहरात तुम्हाला नेले आहे त्याचे भले चिंता आणि त्यासाठी ईश्वराकडे प्रार्थना करा, कारण त्याच्या शांतीतच तुमची शांती आहे. ज्या राज्याने आपल्याला पराभूत केले, त्याच्या राजधानीसाठी दुआ! विचार केला तर सोपी गोष्ट नाही. नव्या करारात तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात राजांसाठी आणि सर्व अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करायला सांगितले आहे. त्या काळातले राजे ख्रिस्ती नव्हते, रोमन होते.

आणि याच ठिकाणी पहिल्या ख्रिस्ती लोकांची खरी परीक्षा झाली. रोमी साम्राज्यात बादशहाच्या मूर्तीपुढे धूप जाळणे हा निष्ठेचा पुरावा मानला जाई. ख्रिस्ती लोक नकार देत आणि मग देशद्रोही ठरत. इसवी सन 197 च्या सुमारास कार्थेजच्या टर्टुलियन नावाच्या लेखकाने रोमी अधिकाऱ्यांना उत्तर लिहिले. त्याचा मुद्दा साधा होता : आम्ही बादशहासाठी ईश्वराकडे दीर्घायुष्य मागतो, राज्य सुरक्षित राहो म्हणतो, फौजेसाठीही मागतो, पण बादशहाला ईश्वर म्हणणार नाही. म्हणजे काय तर, देशासाठी प्रार्थना करू, देशाची पूजा करणार नाही. हा फरक आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. आपण तो रोज जगतो.

आता चर्चमध्ये प्रत्यक्ष काय होते? रविवारच्या मिस्साविधीत प्रवचनानंतर सामुदायिक प्रार्थनेचा एक भाग असतो. चर्चसाठी, राज्यकर्त्यांसाठी आणि जगासाठी, संकटात असलेल्यांसाठी आणि स्थानिक लोकांसाठी, साधारण अशा क्रमाने एकेक विनंती वाचली जाते आणि जमलेले लोक तिला प्रतिसाद देतात. आपल्याकडे इमामांच्या दुआवर सगळे ‘आमीन’ म्हणतात, तसेच समजा. म्हणजे सत्तेवर कुणीही असो, राज्यकर्त्यांना सद्बुद्धी मिळो ही मागणी कॅथलिक चर्चमध्ये बाराही महिने चालू असते.

शुक्रवारचे मात्र त्यांचे आणि आपले अगदी वेगळे. आपला जुमा म्हणजे आठवड्याची ईद. त्यांच्यासाठी शुक्रवार हा दुःखाचा दिवस, कारण त्यांच्या श्रद्धेप्रमाणे येशूंना त्या दिवशी क्रूसावर चढवले गेले. हजरत ईसा (अलै.) यांच्याबद्दल आपला अकीदा वेगळा आहे, सूरह निसाच्या आयत 157 मध्ये तो स्पष्ट आहे. पण शुक्रवारचा उपवास आर्चबिशपांनी का सांगितला, याचा उलगडा इथे होतो. त्यांचा उपवास रोज्यासारखा कडक नसतो. एखादे जेवण सोडणे, मांस न खाणे, असा असतो.

प्रार्थनेत राज्यकर्त्याचे नाव घेणे किंवा न घेणे याला किती वजन असते, हे आपल्याला खुत्ब्यावरून माहीत आहे. खुत्ब्यात ज्याचे नाव, तो सुलतान. नाव गाळले की बंड झाले असे समजत. ख्रिश्चनांतही असेच घडले आहे. इंग्लंडच्या चर्चच्या प्रार्थनापुस्तकात राजासाठी ठरलेल्या प्रार्थना आहेत. 4 जुलै 1776 रोजी अमेरिकेने स्वातंत्र्य जाहीर केले, त्याच दिवशी फिलाडेल्फियाच्या क्राइस्ट चर्चच्या कारभाऱ्यांनी राजासाठीच्या प्रार्थना यापुढे म्हणायच्या नाहीत, असे ठरवून टाकले.

त्याच अमेरिकेत पुढे वेगळाच प्रश्न उभा राहिला. लोकांनी देशासाठी प्रार्थना करावी हे ठीक, पण सरकारने तसे सांगावे का? अध्यक्ष जॉन अॅडम्स यांनी 1798 मध्ये उपवास आणि प्रार्थनेचा दिवस जाहीर केला. त्यांच्यानंतरचे जेफरसन यांनी मात्र असे दिवस जाहीर करायला नकार दिला. हे सरकारचे काम नाही, असे त्यांचे मत होते. लिंकन यांनी यादवी युद्धात 30 एप्रिल 1863 हा दिवस पुन्हा पाळायला सांगितला. 1952 मध्ये कायदाच झाला आणि 1988 पासून मे महिन्यातला पहिला गुरुवार हा राष्ट्रीय प्रार्थना दिन ठरला. त्याविरुद्ध कोर्टकचेरी झाली. 2010 मध्ये एका न्यायाधीशांनी तो घटनाबाह्य ठरवला, पुढच्या वर्षी वरच्या कोर्टाने तो निकाल रद्द केला.

खुद्द ख्रिश्चनांतच याला विरोध करणारे आहेत. बायबलमध्ये येशू सांगतात की लोकांना दिसावे म्हणून चौकात उभे राहून प्रार्थना करू नका, खोलीत जाऊन दार लावून करा. आपण ज्याला रिया म्हणतो तेच हे. सरकारी मंचावरची प्रार्थना दिखाव्याची होते आणि बहुसंख्याकांचाच धर्म देशाचा धर्म वाटू लागतो, असा त्यांचा आक्षेप. दुसरीकडे त्याच अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात 1991 मध्ये इमाम सिराज वह्हाज यांनी सुरुवातीची दुआ मागितली, मुस्लिमाला हा मान तिथे पहिल्यांदाच मिळाला. आम्हाला विचाराल तर जेफरसन यांचे म्हणणे पटते. जमातीने देशासाठी हात उठवले तर ती दुआ आहे. सरकारने हात उठवायला सांगितले की हजेरी घेतली जाते.

आणि दिल्लीच्या पत्रात झाले ते याच्या नेमके उलट. तिथे सरकार नव्हते, एक छोटा समाज आपल्या चर्चमध्ये आपल्या पद्धतीने दुआ मागत होता. ती दुआ कुणाला पसंत आहे की नाही, याची चौकशी झाली. हजरत इब्राहीम (अलै.) यांनी मक्केसाठी मागितलेली दुआ सूरह बकराहमध्ये आहे, हे शहर अमनचे कर, अशी. आपल्या मशिदींतही मुल्काच्या सलामतीसाठी दुआ होते. ती दुआही अशीच उद्या कुणी भिंगाखाली धरू शकतो.

आपल्याकडचेच पाहायचे तर 15 ऑगस्टला वसईला जावे. त्या दिवशी कॅथलिकांचा मरियामातेचा मोठा सण असतो. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे त्यांना सदेह स्वर्गात नेले गेले, तो दिवस. स्वातंत्र्यदिनही तोच, त्यामुळे मिस्सामध्ये देशासाठी प्रार्थना होते आणि चर्चच्या आवारात झेंडावंदनही होते. शेजाऱ्यांनी बोलावले तर झेंडावंदनाला जरूर जावे. मिस्सा ही त्यांची इबादत आहे, त्यात आपण सामील होत नाही, आणि प्रसादाची भाकर फक्त त्यांच्याच लोकांसाठी असते. त्या वेळी तुम्ही आत असाल तर जागेवर बसून राहिलात तरी चालते, कुणी वाईट मानत नाही.