मासळीला मायक्रोवेव्ह चालतो का?

बंदीचे दिवस आले की हा प्रश्न सोसायटीत हमखास येतो. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर धक्क्याला, घरी फ्रीजरमध्ये ठेवलेली मासळी, आणि ओट्यावर मुलाने आणलेला मायक्रोवेव्ह. आम्ही इथे साध्या, म्हणजे सोलो मायक्रोवेव्हबद्दल सांगतो. ग्रिलवाल्याची गोष्ट वेगळी.

बोटमालकांना हे यंत्र तसं परकं नाही. रडारमध्ये मॅग्नेट्रॉन असतो ना, तोच प्रकार ह्यात आहे. रडारच्या कामातूनच अमेरिकेत पर्सी स्पेन्सर यांना १९४५च्या सुमारास हे सुचलं. त्या लहरी माशातलं पाणी तापवतात. पाणी शंभर डिग्रीला उकळतं, पण रव्याला तांबूस कुरकुरीतपणा यायला त्याच्या बरंच वर जावं लागतं. म्हणून रवा लावलेला बांगडा आत शिजतो आणि वरून पिठाळ, ओला राहतो. त्याला तवाच पाहिजे. तेल घालून आत तळायचं तर मनातही आणू नका, आग लागू शकते.

वाफवायला मात्र छान. विसवणीचे पाव किलो तुकडे मीठ-हळद लावून काचेच्या भांड्यात एका थरात ठेवा, जाड बाजू कडेला. वर सैल झाकण. ८०० वॅटला तीन-चार मिनिटं, मग दोन मिनिटं तसंच राहू द्या. काट्याजवळचं मांस पांढरं झालं की झालं. कालचं हुमणही चांगलं गरम होतं, फक्त मधे एकदा ढवळा. सुंगटं आणि माणक्या जरा जास्त राहिल्या की रबर. गाबोळी टोचे मारल्याशिवाय ठेवली तर फुटते, सगळा ओवन पुसत बसावं लागतं. स्टीलचा डबा आत नको, ठिणग्या उडतात.

बर्फ सोडवताना घाई करू नका. बर्फापेक्षा पाणी ह्या लहरी जास्त ओढतं, त्यामुळे कडा सुटली की तीच शिजू लागते आणि मधे दगड तसाच. डीफ्रॉस्टवर लावा, मधे उलटा, आणि सुटलेला मासा लगेच शिजवा.

आता महत्त्वाचं. बांगडा, तारली, कुपा बर्फाविना राहिले की त्यांच्यात हिस्टामाइन तयार होतं. वास येईलच असं नाही. ते एकदा झालं की मायक्रोवेव्हने जात नाही, उकळून नाही, तळून नाही, परत गोठवूनही नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं दुखतं, छाती धडधडते. असं झालं तर डॉक्टरकडे जा आणि काय खाल्लं ते सांगा. तेव्हा दुपारभर ओट्यावर राहिलेला बांगडा ‘गरम करून घेऊ’ म्हणू नका, टाका. बोटीवर बर्फ कमी घेणाऱ्यांनीही हे वाचावं.

ओवनला मासळीचा वास राहिला तर वाटीभर पाण्यात लिंबाच्या फोडी टाकून तीन मिनिटं लावा आणि ओल्या फडक्याने पुसा.