निष्कास नळी, उभी
एंजिनातील जळलेले तप्त वायू वाहनाच्या माथ्यावर सोडणारी नळी. ट्रॅक्टरवर ती बहुधा आढळते. पुण्यात बिबवेवाडीलगतच्या मार्केट यार्डात ये-जा करणाऱ्या पिकअप मालगाड्यांत मात्र निष्कास नळी सामान्यतः हौद्याखालून जाते. हौद्यावर बंदिस्त टप असल्यास उभी नळी केबिन व टप यांमधील मोकळ्या जागेतून नेणे इष्ट असते. टपातून नेल्यास तिच्याभोवती उष्णतारोधक कवच लागते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार ती इंधनवाहिनीपासून किमान ३५ मिमी. दूर असावी लागते. पाऊस आत शिरू नये म्हणून मुखावर बिजागरीची झडप बसवितात. वायूंच्या दाबाने ती उघडते. मुख्य धोका गळक्या सांध्याचा असतो. त्यातून टपाखाली साचणारा कार्बन मोनॉक्साइड रंगहीन व गंधहीन असल्याने आत बसलेल्यांस नकळत प्राणघातक ठरतो.